सहीपुरता विश्वस्त

दसरा उलटला की पाथर्डी तालुक्यातील गावे रिकामी होऊ लागतात. मुकादमाकडून उचल घेतलेली जोडपी भांडीकुंडी, अंथरूण-पांघरूण आणि तान्ही मुले ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत घालून पश्चिम महाराष्ट्रातल्या आणि कर्नाटकातल्या साखर कारखान्यांची वाट धरतात. आमच्याकडे अशा जोडप्याला ‘कोयता’ म्हणतात. माणसांना त्यांच्या हातातल्या अवजाराचेच नाव पडावे, यात त्या धंद्याची सारी रीत आली. परतायचे ते पाडव्याच्या मागेपुढे. मधल्या पाच-सहा महिन्यांत शाळेत जाणाऱ्या मुलांचे काय करायचे, हा प्रश्न दरवर्षी नव्याने उभा राहतो. मूल बरोबर नेले तर त्याची शाळा बुडते आणि महिनाभरात ते फडात वाढे गोळा करू लागते. मागे ठेवले तर सांभाळणार कोण? घरात आजी असेल तर आजी. नसेल तर वसतिगृह. हंगामी वसतिगृहांची सरकारी योजना आहे. तथापि सरकारी योजना आणि मुकादमाची गाडी यांचे वेळापत्रक नेहमी जुळतेच असे नाही.

गर्भगिरीच्या पायथ्याशी एका गावात अशा मुलांसाठी एक लहानसे वसतिगृह आहे. ते एका सार्वजनिक न्यासाचे असून प्रस्तुत लेखक त्या न्यासाचा एक विश्वस्त आहे. पोटापाण्याचा माझा उद्योग पुण्यास, एका मोठ्या खाजगी कंपनीच्या हिशेबतपासणी खात्यात. गावाचे आणि संस्थेचे नाव येथे देत नाही, कारण जे सांगायचे आहे त्यातला दोष मुख्यतः माझा आहे आणि तो संस्थेच्या माथी बसू नये अशी इच्छा आहे.

पुण्या-मुंबईत कंपन्यांच्या नोकऱ्यांत स्थिरावलेली आणि गावाकडच्या एखाद्या शाळेची, वाचनालयाची, देवस्थानाची विश्वस्त असलेली माझ्यासारखी माणसे आज महाराष्ट्रात पुष्कळ आहेत. त्यांचे कौतुकही पुष्कळ होते. सत्कार होतात, शाल-श्रीफळ मिळते, ‘एवढ्या व्यापातून गावासाठी वेळ काढतात’ असे वक्ते सांगतात. वेळ किती काढला, आणि त्या वेळात केले काय, हे मात्र सहसा कोणी विचारीत नाही. ते विचारले जावे, एवढ्याचसाठी हा लेख.

विश्वस्त झालो तो प्रसंग मला स्पष्ट आठवतो. ज्यांनी मला बाराखडी शिकवली ते गुरुजी निवृत्तीनंतर काही वर्षांनी पुण्यास माझ्या घरी आले. हातात कापडी पिशवी, पिशवीत संस्थेचे कागद. त्यांनी आणि गावातल्या चार माणसांनी वसतिगृह काढले होते. एक विश्वस्त वयोमानाने बाजूला झाला होता. “तुझं नाव लागलं म्हणजे संस्थेला वजन येईल,” गुरुजी म्हणाले. “तुला काही करायचं नाही बाबा. वर्षातून दोनदा सही कर, बास.” गुरुजींना नाही म्हणणे शक्य नव्हते, आणि खरे सांगायचे तर नाही म्हणावेसे वाटलेही नाही. कंपनीत मी शेकडो हिशेबनिसांतला एक होतो. गावात मी एका दिवसात ‘विश्वस्त’ झालो.

त्यानंतरची अकरा वर्षे मी शब्दशः गुरुजींच्या सांगण्याप्रमाणे वागलो. पाथर्डी पुण्याहून पावणेदोनशे किलोमीटरच्या आसपास. रेल्वे नाही, नगर गाठायचे, मग करंजीचा घाट, तिसगाव, आणि पाथर्डी. एवढा प्रवास करून सभेला जाणे दरवेळी जमत नसे, म्हणजे मी जमवीत नसे. मग वसतिगृहाचे अधीक्षकच इतिवृत्ताचे पुस्तक घेऊन एसटीने पुण्यास येत. चहा होई, मुलांची खुशाली विचारली जाई आणि जेथे पेन्सिलीने फुली केलेली असे तेथे मी सही करीत असे. दिवाळीत काही रक्कम पाठवीत असे आणि तिची पावतीही नीट जपून ठेवीत असे, कारण प्राप्तिकराच्या वेळी ती लागते.

याच अकरा वर्षांत मी नोकरीत काय करीत होतो? दोनशे रुपयांच्या टॅक्सीच्या बिलावर खातेप्रमुखाची सही नाही म्हणून ते परत पाठवीत होतो. पुरवठादाराच्या देयकाला माल मिळाल्याची नोंद जोडलेली नाही म्हणून लाखोंची रक्कम अडवून धरीत होतो. माझ्या हाताखालच्या मुलांना मी सांगत असे की न वाचता सही करणारा माणूस चोरापेक्षा धोकादायक, कारण चोर निदान ओळखू तरी येतो. सोमवार ते शुक्रवार मी हे सांगत होतो आणि रविवारी पेन्सिलीच्या फुलीवर सही करीत होतो. यातली विसंगती मला एकदाही खटकली नाही.

गुरुजी वारले आणि तिसऱ्या महिन्यात सारे उघडे पडले. बँकेतील खाते अध्यक्ष आणि चिटणीस या दोघांच्या सहीने चालत असे. अध्यक्ष आधीच्या वर्षी निवर्तले होते, गुरुजी चिटणीस होते. नव्या सह्या लावण्यासाठी बँकेने ठराव मागितला, आणि ठरावाबरोबर धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीचा उतारा मागितला. उतारा काढला तेव्हा त्यात माझे नावच नव्हते! अकरा वर्षांपूर्वी माझी नेमणूक झाली खरी, परंतु तिचा बदल अर्ज कोणी दाखलच केला नव्हता. विश्वस्तांत बदल झाला की नव्वद दिवसांच्या आत तो कळवावा असे कायद्याचे कलम २२ सांगते. कागदोपत्री आमच्या न्यासाचे विश्वस्त म्हणजे दोन मृत, एक अंथरुणाला खिळलेले, एक बाजूला झालेले आणि एक गावचे शेतकरी, ज्यांना आपण विश्वस्त आहोत हे अंधुकसे ठाऊक होते. खात्यात पैसे होते. ते काढण्याचा अधिकार असलेला माणूस नव्हता.

हे घडले ऐन भाद्रपदात. दुरुस्त्या करून, जुने दाखले गोळा करून, मृत्यूचे उतारे, संमतिपत्रे, सभेच्या नोटिसा जोडून अर्ज दाखल होईपर्यंत दिवाळी आली. किराणा दुकानदाराने मागची बाकी राहिल्याने हात आखडता घेतला. त्याची चूक काही नव्हती. वसतिगृह त्या साली सहा आठवडे उशिरा उघडले. गाड्या काही सहा आठवडे थांबत नाहीत. ज्या मुलांना कोणाकडे ठेवता आले ती राहिली, ज्यांना नाही ती आईबापांबरोबर गेली. त्यांच्यातली एक मुलगी सहावीत होती आणि गणितात हुशार होती, असे अधीक्षकांच्या पत्नींनी मला पुढे सांगितले. पाडव्याला ती परत आली, पण शाळेत परत आली नाही. त्या बाई स्वयंपाक करतात. त्या एवढेच म्हणाल्या, “भाऊ, कागदाचं आम्हाला काय कळतं? तुम्हाला कळत होतं ना?” त्यावर देण्यासारखे उत्तर माझ्याजवळ नव्हते. आजही नाही.

दप्तर तपासताना आणखी एक गोष्ट निघाली. वसतिगृहापुढे रस्त्यालगत संस्थेची थोडी मोकळी जागा आहे. ती एका दुकानदाराला नऊ वर्षांच्या कराराने भाड्याने देण्याचा ठराव इतिवृत्तात होता आणि ठरावाखाली माझी सही होती. सार्वजनिक न्यासाची बिगरशेती जागा किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक मुदतीने, आणि शेतजमीन दहा वर्षांहून अधिक मुदतीने भाडेपट्ट्याने द्यायची तर धर्मादाय आयुक्तांची पूर्वपरवानगी लागते. विक्रीला, गहाणाला, देणगीला तर लागतेच. हे कलम ३६. आम्ही परवानगी घेतली नव्हती. गुरुजींनी यात एक पैसाही खाल्ला नव्हता, हे शपथेवर सांगतो. भाड्यातून मुलांच्या गाद्या आल्या होत्या आणि गाद्यांची बिले जागेवर होती. पण गुरुजी भाषा आणि इतिहास शिकवीत आले होते, कायदा नव्हे. पाच विश्वस्तांत असा कागद रोजच्या रोज हाताळणारा माणूस एकच होता, आणि त्याने पेन्सिलीच्या फुलीवर सही केली होती. दुकानदाराला समजावून नवा करार करता करता गावात दोन तट पडले. ते अजून पुरते मिटलेले नाहीत.

१९५० साली मुंबई राज्याने सार्वजनिक विश्वस्तव्यवस्थेचा कायदा केला; आता तो महाराष्ट्राच्या नावाने ओळखला जातो. सोसायटी म्हणून नोंदलेल्या संस्थाही आपल्या राज्यात बहुधा याच कायद्याखाली न्यास म्हणूनही नोंदल्या जातात. दोन नोंदण्या आणि त्यामुळे दोन कार्यालयांच्या पायऱ्या, हा आपल्याकडचा खास प्रकार. कायदा लांबलचक आणि रुक्ष आहे. त्यातील कलम ३६-अ मात्र प्रत्येक विश्वस्ताने एकदा तरी डोळ्यांखालून घालावे. विश्वस्ताने किती काळजी घ्यावी, याचे माप तेथे दिले आहे. सामान्य शहाणपणाचा माणूस स्वतःच्या पैशाच्या, स्वतःच्या मालमत्तेच्या व्यवहारात जेवढी काळजी घेतो तेवढी. असामान्य त्याग कायदा मागत नाही. विद्वत्ताही मागत नाही. स्वतःचे घर भाड्याने देताना आपण करार वाचतो की नाही? मग संस्थेची जागा देतानाही वाचा, एवढेच त्याचे म्हणणे. हिशेब देण्यात सतत कसूर करणाऱ्या विश्वस्ताला दूर करण्याचा अधिकारही याच कायद्यात धर्मादाय आयुक्तांना दिलेला आहे. ‘मी फक्त नावाला होतो’ हा बचाव त्यापुढे फार टिकत नाही. टिकूही नये.

येथे कोणी विचारील की नोकरी सांभाळून असली कामे खरोखर होतात का? की हा शनिवार-रविवारचा हौशी मामला? आपल्याकडची जुनी उदाहरणे पाहिली तर उत्तर मिळते. धोंडो केशव कर्वे १८९१ साली फर्ग्युसन महाविद्यालयात गणिताचे अध्यापक झाले आणि १९१४ पर्यंत तेथे शिकवीत राहिले. अनाथ बालिकाश्रम त्यांनी १८९६ मध्ये काढला. १९०० साली तो हिंगण्याच्या माळावरील झोपडीत गेला. म्हणजे आश्रमाची पहिली अठरा वर्षे अण्णासाहेब नोकरदार होते. दिवसाचे तास शिकवून झाले की पुण्याहून हिंगण्यापर्यंत पायी जायचे, आश्रमाचे पाहायचे आणि पुन्हा महाविद्यालयात हजर व्हायचे, असा त्यांचा परिपाठ होता. त्या पायपिटीचे वर्णन शाळेच्या पुस्तकांतून आपण सर्वांनी वाचले आहे. त्याआधीचे एक काम मात्र फारसे कोणाला आठवत नाही, आणि आमच्या विषयाला तेच अधिक जवळचे. कोकणातले मुरूड हे अण्णांचे गाव. पोटासाठी बाहेर पडलेल्या मुरूडकरांनी आपल्या मिळकतीतला काही वाटा गावाच्या कामासाठी बाजूला काढावा म्हणून त्यांनी ‘मुरूड फंड’ उभा केला होता. आज पुण्या-मुंबईत प्रत्येक गावाचे जे विकास मंडळ असते, त्याचा हा पूर्वजच म्हणावा लागेल.

त्याच मुरूडने पुढे काय केले? १८९३ साली अण्णांनी विधवेशी विवाह केला, आणि ते पत्नीसह गावी गेले तेव्हा गावकऱ्यांनी त्यांच्यावर बहिष्काराचा ठराव केला. गावासाठी झटणाऱ्याला गाव ओवाळीलच असे नाही, हे त्यांना तेव्हाच कळले असेल. आम्हां आधुनिक विश्वस्तांना एका सभेत कोणी उलटून बोलले तर आम्ही राजीनामा खिशातून काढतो.

कर्मवीर भाऊराव पाटलांचे उदाहरण थोडे निराळे. ओगल्यांचे कंदील आणि किर्लोस्करांचे नांगर विकत ते गावोगाव हिंडले. हे फिरत्या विक्रेत्याचे काम, आजच्या भाषेत कंपनीची नोकरी. त्या हिंडण्यात त्यांनी खेड्यातले अज्ञान आणि दारिद्र्य जवळून पाहिले आणि ४ ऑक्टोबर १९१९ रोजी काले येथे रयत शिक्षण संस्था स्थापन केली. पुढे नोकऱ्या सुटल्या, संस्था राहिली. साताऱ्याच्या वसतिगृहातल्या मुलांच्या पोटासाठी त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने मोडले. कर्व्यांनी नोकरी राखून काम केले, भाऊरावांनी अखेर कामासाठी नोकरी सोडली. आपल्यातल्या बहुतेकांना दुसरे जमणार नाही. निदान मला ते जमले नसते हे मी जाणतो. पहिले मात्र जमण्यासारखे आहे. आणि दोघांतही एक गोष्ट समान आहे ती अशी की संस्थेचा पैसा आणि संस्थेतले मूल ही दोन्ही त्यांना रोज दिसत होती. सहीसाठी पुस्तक त्यांच्या घरी येत नव्हते.

नामवंत माणूस विश्वस्त म्हणून घेतला की संस्था सुरक्षित झाली, ही समजूत आपल्याकडे फार घट्ट आहे. गुरुजींचीही तीच होती. आमच्याच तालुक्यातील मोहटादेवीच्या न्यासावर जिल्हा न्यायाधीश हे पदसिद्ध अध्यक्ष होते. न्यायाधीशाहून वजनदार पद कोणते? तरीही मंदिराच्या जीर्णोद्धारात सोन्याची यंत्रे पुरल्याचे प्रकरण उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठापर्यंत गेले. त्या वादाच्या गुणदोषांत शिरण्याचे येथे कारण नाही. पद कितीही मोठे असले तरी ते कारभाराकडे रोज पाहणाऱ्या डोळ्यांची जागा घेऊ शकत नाही, एवढेच आमच्यापुरते त्यातून घ्यायचे.

त्याहून थोर नाव या जिल्ह्याने देशाला दिले ते चौंडीच्या अहिल्याबाईंचे. २०२४ पासून जिल्ह्यालाही त्यांचेच नाव आहे. अहिल्याबाईंचे एक मोठेपण असे की होळकरांच्या राज्याची दौलत आणि आपली खासगी यांचे हिशेब त्यांनी वेगळे ठेवले. देशभरचे घाट, मंदिरे, धर्मशाळा झाल्या त्या खासगीतून. दोन जबाबदाऱ्या एकाच माणसाने कशा सांभाळाव्यात, याचा याहून सरळ धडा मला तरी ठाऊक नाही. दोन थैल्या, दोन वह्या. त्याच खासगीच्या मालमत्तांसाठी १९६२ मध्ये इंदूर येथे न्यास करण्यात आला. काही मालमत्तांच्या विक्रीवरून वाद उपस्थित झाला, तो सर्वोच्च न्यायालयात गेला, आणि हा सार्वजनिक न्यास असून त्याने मध्य प्रदेशच्या कायद्याखाली नोंदणी केलीच पाहिजे, असे न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये सांगितले. साठ वर्षे गेली होती. अहिल्याबाईंच्या नावाच्या न्यासालाही नोंदवहीतून सुटका नसेल, तर आमच्या खेड्यातल्या वसतिगृहाला ती का असावी?

आता माझ्या दुसऱ्या चुकीविषयी. पहिल्या चुकीची लाज वाटून मी उलट्या टोकाला गेलो. कंपनीत चालतो तसला चौदा रकान्यांचा तक्ता मी संगणकावर तयार केला आणि अधीक्षकांना सांगितले की रोज संध्याकाळी तो भरून पाठवायचा. डाळ किती आली, किती शिजली, किती उरली. हजेरी, गैरहजेरी, गैरहजेरीचे कारण. गॅसची टाकी कधी लावली, कधी संपली. अधीक्षक सज्जन. त्यांनी दोन महिने तो इमाने भरला. तिसऱ्या महिन्यात मी तेथे मुक्कामाला गेलो तेव्हा पाहिले की संध्याकाळी मुले अभ्यासाला बसत तो तास आता तक्त्याने घेतला आहे. मुले दिव्याखाली दंगा करताहेत आणि त्यांना पाढे विचारणारे अधीक्षक मोबाइलवर रकाने भरताहेत! त्याच रात्री मी गुरुजींची जुनी कीर्द काढून वाचत बसलो. दोनशे पानी साधी वही, डावीकडे जमा, उजवीकडे खर्च, रोजची शिल्लक खाली लाल शाईने. बेरजेत एक पैशाचाही फरक नव्हता. जे हवे होते ते सारे तीत होते. ती वाचणारा दुसरा माणूस काय तो नव्हता. तक्ता मी बंद केला. शहरातला नोकरदार विश्वस्त गावाकडे जाताना आपल्या कार्यालयाचा रुबाब बरोबर नेतो आणि वसतिगृहाला कंपनीची एक दुय्यम शाखा समजू लागतो. न वाचता सही करण्याइतकाच हाही रोग वाईट आहे, आणि तो कष्टाळू माणसांना अधिक होतो.

पैशाचेही थोडे सांगितले पाहिजे. कंपनी कायदा, २०१३ च्या कलम १३५ प्रमाणे ठरावीक मर्यादेपलीकडच्या कंपन्यांना आधीच्या तीन वर्षांच्या सरासरी निव्वळ नफ्यातले दोन टक्के सामाजिक कामावर खर्च करावे लागतात. १ एप्रिल २०१४ पासून ही तरतूद अमलात आहे. एप्रिल २०२१ पासून असा निधी घेणाऱ्या संस्थेला कंपनी व्यवहार मंत्रालयाकडे स्वतंत्र नोंदणी करावी लागते, आणि त्यासाठी प्राप्तिकर खात्याची नोंदणी, लेखापरीक्षण झालेले हिशेब, असे सारे कागद लागतात. म्हणजे पैसा आहे, पण तो कागदांच्या वाटेने येतो. आमची वाट कशी खचली होती ते वर सांगितलेच आहे. ती दुरुस्त झाल्यावर आमच्या कंपनीतला एक वरिष्ठ सहकारी आपुलकीने म्हणाला, “अहो, मग आपल्याच फंडातून घ्या की! शब्द टाकतो मी.” मोह झाला हे कबूल करतो. पण ज्या संस्थेचा मी विश्वस्त, तिला मी जेथे नोकरी करतो तेथून माझ्याच शब्दावर पैसे मिळणार, आणि त्या पैशाचा विनियोग बरोबर झाला असे प्रमाणपत्रही उद्या मीच देणार! मी कंपनीला माझे विश्वस्तपद लेखी कळवले आणि तो विषय निघेल त्या बैठकीत मी बसणार नाही असेही लिहून दिले. अर्ज अधीक्षकांनी आणि शेतकरी विश्वस्तांनी केला, इतर अर्जांबरोबर. तो नामंजूर झाला. दुसऱ्या एका ठिकाणचा पुढे मंजूर झाला, तोही मागितला त्याच्या निम्म्याने. घरच्या माणसांनी मला वेड्यात काढले. मला मात्र त्या रात्री झोप चांगली लागली.

हे सारे कंपनीवाल्यांपुरते आहे असे शिक्षक आणि कारकून वाचकांनी समजू नये. खरे तर अशा संस्थांना हवी असलेली कसबे त्यांच्याजवळ अधिक आहेत. ठराव कसा लिहावा, आवक-जावक कशी ठेवावी, कागद कोणत्या टेबलावर अडतो आणि का अडतो, हे आमच्या वातानुकूलित कचेऱ्यांतल्या माणसांना ठाऊक नसते. आमचा बदल अर्ज अखेर मार्गी लावला तो नगरच्या एका निवृत्त कारकुनाने. त्यांनी फी घेतली नाही. माझ्या मसुद्यात मात्र सात चुका काढल्या. सरकारी नोकरीत असलेल्यांना शंका येते की आपल्याला असले काम करता येते का. महाराष्ट्र नागरी सेवा (वर्तणूक) नियम, १९७९ यांत खाजगी धंद्याला मज्जाव आहे, परंतु मानद स्वरूपाचे सामाजिक किंवा धर्मादाय काम करण्यास वाव ठेवलेला आहे. त्यामुळे कर्तव्यात कसूर होता कामा नये, ही त्याची अट. अट योग्यच आहे. शाळेचा तास बुडवून समाजसेवा करणारे शिक्षक आपण सर्वांनीच पाहिले आहेत.

विद्यार्थी वाचकांसाठी एक जाता जाता. आपल्या गावातल्या संस्थेची नोंदवही कोणाच्या नावावर आहे, शेवटचे लेखापरीक्षण कधी झाले, हे विचारायला विश्वस्त असावे लागत नाही. धर्मादाय कार्यालयात अर्ज करून उतारा मिळतो. आमच्या गावातल्या एखाद्या महाविद्यालयीन मुलाने तो आठ वर्षांपूर्वी मागितला असता तर माझे बिंग वेळेवर फुटले असते.

आमच्या विश्वस्त मंडळात आता पाच माणसे आहेत आणि पाचांचीही नावे उताऱ्यावर आहेत. त्यांच्यातली एक अधीक्षकांच्या पत्नींनी सुचवलेली बाई आहे. वीस हंगाम ऊस तोडून आलेली. इतिवृत्त तिला वाचून दाखवावे लागते, आणि त्यामुळे ते आम्हां सर्वांनाच ऐकावे लागते. गेल्या सभेत तिने विचारले की अंड्यांचे पैसे दरमहा सारखेच कसे येतात, मुले तर कमी-जास्त असतात. कोणाच्याच ध्यानात ते आले नव्हते, माझ्याही नाही. चौकशी केली तेव्हा अंडीवाला उक्ता दर लावीत होता असे निघाले.

यंदाची सभा दसऱ्यानंतरच्या पहिल्या रविवारी आहे, गाड्या निघण्यापूर्वी. विषयपत्रिका पोस्टाने गेली आहे. किराण्याचा दर ठरवायचा आहे, मुलींच्या खोलीचे दार बदलायचे आहे. आणि गेल्या वर्षी छापलेल्या तीन पावतीपुस्तकांपैकी दोन हाती आहेत. तिसरे कोणाकडे आहे, त्याचा शोध चालू आहे.